फुप्फुस, झोप आणि आयसीयू तिन्ही बघणारा डॉक्टर कसा शोधायचा? (बाबांसाठी, सोलापूर किंवा पुणे)

सुजाता_बार्शी | ८ डिसेंबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, एरवी नुसती वाचत असते, पण आज धागा काढायची वेळच आलीय. जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

बाबा ६६ वर्षांचे. एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते. बिडी सोडून सहा वर्षं झाली. वजन ९८ किलो, उंची साडेपाच फूट. घोरणं आम्ही लहान असल्यापासूनचं, अगदी शेजारच्यांना ऐकू जायचं, आणि आम्ही सगळे म्हणायचो बाबांना काय गाढ झोप लागते. गेल्या वर्षभरात मात्र जेवता जेवता डुलकी लागायची, हातात घास तसाच. सकाळी उठले की डोकं धरून बसायचे, चहा घेतल्यावर जरा बरं. पायावर सूज. आम्ही वय झालं म्हणून सोडून दिलं.

गेल्या महिन्यात सर्दी-ताप झाला आणि दम लागायला लागला, ऑक्सिमीटरवर ८३. भावाने घाबरून शेजाऱ्यांकडचं कोविडच्या वेळचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणलं आणि ५ लिटरवर लावलं, सॅच्युरेशन ९७ झालं, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि बाबा जे झोपले ते दुपारपर्यंत उठेचनात, हाक मारली की नुसतं हुं करायचे आणि परत डोळे मिटायचे. तसंच गाडीत घालून सोलापूरला नेलं. ब्लड गॅसमध्ये (रक्तातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजतात ती टेस्ट) कार्बन डायऑक्साइड ८८ (नॉर्मल ३५ ते ४५ असतो म्हणे). आयसीयूत बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावला, घशात नळी घालायची वेळ आली नाही हे नशीब. नऊ दिवसांनी घरी आणलं, त्याला आज सहा दिवस झाले.

डिस्चार्ज कार्डवर लिहिलंय सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार), टाइप २ रेस्पिरेटरी फेल्युअर (रक्तात कार्बन डायऑक्साइड साठणं), आणि स्लीप ॲप्नियाचा (झोपेत श्वास थांबण्याचा) संशय. सोडताना आयसीयूचे डॉक्टर म्हणाले, फुप्फुस आणि झोप एकत्र बघेल असा डॉक्टर धरा, परत कधी बिघडलं तर आयसीयूतही तोच बघणारा असेल तर उत्तम.

आता असा डॉक्टर शोधायचा कसा? नेटवर बघावं तर प्रत्येक जण 'बेस्ट'. कुणापुढे एमडी, कुणापुढे डीटीसीडी, कुणापुढे डीएम, मला त्यातलं काही कळत नाही. एका ठिकाणी जाऊन आलो (नाव लिहीत नाही), त्यांनी कार्ड उघडलंसुद्धा नाही, चार मिनिटांत "बायपॅप घ्या, खाली दुकानात मिळेल, ७२ हजार" असं सांगितलं. स्लीप स्टडीचं (रात्रभर झोपेची तपासणी) विचारलं तर म्हणाले गरज नाही. मी मशीन न घेता परत आले. चुकलं का माझं? मी हडपसरला असते, आईबाबा भावाकडे बार्शीत.

---

निशिगंध_०७ | ९ डिसेंबर, सकाळी ७:१५

सुजाता, आधी बाबा घरी आले ते छान झालं. माझ्या सासऱ्यांचं अगदी असंच होतं, जेवता जेवता झोपणं आणि सकाळची डोकेदुखी. मशीन घेतलं नाहीत ते बरंच केलंत, स्टडीशिवाय मशीन म्हणजे नंबर न काढता चष्मा.

---

पिंपळपान | ९ डिसेंबर, सकाळी ८:५०

मी स्वतः छातीविकाराचा डॉक्टर आहे, इथे नावाने लिहीत नाही. इथे बसून उपचार सांगणं बरोबर नाही, पण तुमच्या पोस्टमधली एक गोष्ट आज सकाळीच करण्यासारखी आहे म्हणून ओपीडीत जायच्या आधी लिहितोय.

७२ हजारांचं मशीन विकत घेतलं नाहीत हे ठीक. पण बाबांना मशीनशिवाय ठेवणं हे वेगळं. निशिगंध, चष्म्याचं उदाहरण पटतं पण इथे पुरत नाही. नुसती सीओपीडी असेल तर आजार निवल्यावर दोन ते चार आठवड्यांनी ब्लड गॅस परत करून घरी बायपॅप लागेल का ते ठरवता येतं. पण ९८ किलो वजन, दिवसा झोप, सकाळची डोकेदुखी, पायाला सूज हे चित्र लठ्ठपणामुळे श्वास उथळ पडून कार्बन डायऑक्साइड साठण्याचंही असू शकतं, आणि अशा पेशंटला दवाखान्यातून सोडतानाच बायपॅपवर सोडावं आणि स्टडी पुढच्या काही आठवड्यांत करावी असं आता मानतात. म्हणून आजच आयसीयूच्या डॉक्टरांना फोन करा, घरी बायपॅप हवा का विचारा, हवा असेल तर प्रेशर किती ते लिहून घ्या आणि मशीन भाड्याने आणा. विकतचं स्टडीनंतर बघू.

दुसरं, ते कॉन्सन्ट्रेटर. भावाला अजिबात बोल लावू नका, ८३ बघून कुणीही तेच केलं असतं. पण ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो त्यांना ऑक्सिजन मापातच द्यायचा, सॅच्युरेशन ८८ ते ९२ च्या मध्ये ठेवायचं. त्याच्यावर नेलं की फुप्फुसातलं हवा आणि रक्ताचं गणित बिघडतं, श्वासाची ओढही कमी होते, आणि पेशंट गुंगीत जातो. ९७ हा आकडा बाबांसाठी चांगला नव्हता. कागदावर मोठ्या अक्षरात '८८ ते ९२' लिहून भिंतीवर चिकटवा, म्हणजे रात्री घाईत कुणी चुकणार नाही. आणि झोपेची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

डिग्र्यांचं संध्याकाळी लिहितो.

---

सुजाता_बार्शी | ९ डिसेंबर, दुपारी १:०५

डॉक्टर, खूप खूप आभार. सकाळीच फोन केला. ते म्हणाले, हो लावा, आकडे सांगितले, मी व्हॉट्सॲपवर मागून घेतले. भाऊ मशीन आणायला निघालाय, महिन्याच्या भाड्याने मिळतंय. आणि झोपेची गोळी होती!! आईला कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने दिली होती, 'रात्री सारखे उठतात' म्हणून. मला माहीतच नव्हतं. डॉक्टरांना विचारून बंद केली.

---

उत्तरा_केळकर_नव्हे | ९ डिसेंबर, दुपारी ३:३०

थेट मुंबई नाहीतर पुणे गाठा. जिल्ह्याच्या ठिकाणी वेळ घालवू नका, आमच्या काकांचे दोन महिने असेच गेले.

---

पिंपळपान | ९ डिसेंबर, रात्री ९:४५

डिग्र्या. आमच्या विषयाचं नाव मधल्या काळात बदललंय म्हणून गोंधळ होतो. पूर्वी टीबी अँड चेस्ट म्हणायचे, आता एमडी रेस्पिरेटरी मेडिसिन किंवा पल्मनरी मेडिसिन. डीएनबी असेल तर तेही त्याच तोडीचं. डीटीसीडी हा दोन वर्षांचा डिप्लोमा, पण तीस-तीस वर्षं छातीचेच पेशंट बघितलेले डीटीसीडीवाले सीनियर लोक आहेत, त्यांना डिप्लोमा म्हणून बाजूला काढू नका. त्याच्या वर डीएम, एमडीनंतर तीन वर्षं. काही संस्थांमध्ये, उदाहरणार्थ दिल्लीच्या एम्समध्ये, त्या डीएमचं नावच पल्मनरी, क्रिटिकल केअर अँड स्लीप मेडिसिन आहे, म्हणजे तुम्ही विचारताय ते तिन्ही एकत्र. पण देशात असे लोक मोजकेच आणि बहुतेक मोठ्या शहरात.

क्रिटिकल केअरला, म्हणजे आयसीयूच्या कामाला, भूलतज्ज्ञ, मेडिसिनवाले, चेस्टवाले सगळेच येतात, त्याचं वेगळं डीएम आहे, फेलोशिप आहेत. झोपेचं तर आणखी विखुरलेलं, चेस्टवाले बघतात, न्यूरोवाले बघतात, कान-नाक-घसावालेही बघतात. तुमच्या बाबांना कार्बन डायऑक्साइडचा प्रश्न आहे म्हणून त्यांचं झोपेचं चेस्टवाल्याकडेच हवं. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर बघता येते, बोर्डावरची डिग्री आणि नोंदणीतली डिग्री जुळते का तेवढं पाहा.

आता मुंबई-पुण्याबद्दल. उत्तराताईंचा अनुभव खरा असणार, पण मला इथे पटत नाही. बाबांचं बिघडेल ते रात्री दोन वाजता बिघडेल. बार्शीहून सोलापूर ७० किलोमीटर, पुणे त्याच्या तिप्पट. गुंगीत गेलेला पेशंट चार-साडेचार तास गाडीत घालून नेणार का? म्हणून मुख्य डॉक्टर सोलापुरातला हवा, जो ब्लड गॅस तासाभरात करू शकतो आणि स्वतःच्या आयसीयूत दाखल करून घेतो. स्टडी किंवा दुसरं मत पुण्यात घ्यायचं तर एकदा जाऊन या, कागद घेऊन परत सोलापूरच्या डॉक्टरकडे. एकाच माणसात तिन्ही मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर एकमेकांना फोन करणारे दोघं चालतात.

---

गिरगावकर_मीना | ९ डिसेंबर, रात्री १०:२०

आजार वेगळा आहे तरी सांगते, कारण डॉक्टर कसा ओळखायचा ते मला यातून कळलं. माझ्या आईला दोन वर्षं कोरडा खोकला आणि जिना चढताना दम. तीन डॉक्टर झाले, सगळ्यांनी दमा म्हणून पंप दिला. चौथ्या डॉक्टर बाई. त्यांनी आईची नखं बघितली, पाठीला स्टेथो लावून खूप वेळ ऐकलं, आणि मग विचारलं, "आजी, तुमच्या गॅलरीत कबुतरं येतात का?" आई म्हणाली येतात की, मी रोज दाणे घालते. बाईंनी लगेच एचआरसीटी (फुप्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन) आणि फुंकायची मोठी टेस्ट सांगितली, डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो ते मोजणं) सकट. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस निघाला. कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांनी फुप्फुसाला सूज येऊन ते आखडत जातं. दमा नव्हताच.

त्या बाईंनीच सांगितलं की २०१७ मध्ये भारतातल्या अशा फुप्फुसाच्या आजारांची मोठी नोंदणी छापून आली, हजारावर पेशंट होते आणि जवळपास निम्म्यांना हाच आजार होता, एअर कूलरचाही संबंध दिसला होता. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये केवढा वाद झाला, तेव्हा आमच्या घरात कुणालाच तो वाद वाटला नाही, आईचा ऑक्सिजनचा पाइप रोज समोर दिसतो ना.

सुजाता, तुझ्या बाबांना तो डॉक्टर काय काय विचारतो ते बघ. घरात चूल होती का, काम काय करत होता, रात्री कितीदा उठता. प्रश्न न विचारता लिहायला घेतलं की समजायचं.

---

रात्रपाळी | १० डिसेंबर, रात्री २:१०

मी स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बारा वर्षं झाली, आत्ता पण ड्युटीवरच आहे आणि काचेपलीकडे पेशंट झोपलाय.

फोनवर अपॉइंटमेंट घेतानाच विचारून घ्या. टेस्ट लॅबमध्ये होते की मशीन घरी देतात? घरच्या टेस्टमध्ये श्वास, ऑक्सिजन, नाडी एवढंच कळतं, माणूस खरंच झोपला होता का ते कळत नाही. साध्या घोरणाऱ्याला ती चालते, पण बाबांना फुप्फुसाचा आजार आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही आहे, त्यांना रात्रभर माणूस समोर बसून करतो तीच टेस्ट पाहिजे. रिपोर्ट कोण वाचतं? नुसता कॉम्प्युटरने काढलेला चालणार नाही, डॉक्टरने रात्र बघितली पाहिजे. आणि मशीनचं प्रेशर रात्री लॅबमध्ये सेट करून देतात की अंदाजाने सांगतात? बऱ्याचदा पहिली अर्धी रात्र टेस्ट आणि पुढची अर्धी मशीन लावून प्रेशर वाढवत वाढवत बघतात, त्यात एका रात्रीत काम होतं.

टेस्टच्या दिवशी डोक्याला तेल लावायचं नाही, हे आवर्जून सांगते कारण निम्मे लोक छान तेल चोपडून येतात आणि मग डोक्यावरच्या वायरी चिकटत नाहीत. दुपारी झोपू देऊ नका, चहा सकाळचाच. स्वतःची उशी आणा. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पायाला वायरी, छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाखाली बारीक नळी, हे बघून लोक घाबरतात, पण टोचत काहीच नाही. रिपोर्टात एएचआय नावाचा आकडा असतो, तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा अपुरा पडला तो. ५ च्या आत नॉर्मल, ३० च्या वर तीव्र.

बाबांना मिशा आहेत का?

---

सुजाता_बार्शी | १० डिसेंबर, सकाळी ६:३०

आहेत, चांगल्या भरघोस 😊 का हो?

---

रात्रपाळी | १० डिसेंबर, सकाळी ७:००

नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क मिशांवर नीट बसत नाही, फटीतून हवा डोळ्यात जाते आणि मग माणूस रात्री दोनला मास्क काढून ठेवतो. कवळी काढल्यावरही गाल आत जाऊन हवा सुटते. म्हणून मास्क ऑनलाइन मागवू नका, पाठीवर झोपवून, मशीन चालू करून दोन-तीन साइज लावून बघितल्याशिवाय घ्यायचाच नाही.

---

एडिसनची_वैशाली | ११ डिसेंबर, पहाटे ५:४०

न्यू जर्सीतून. इकडे ही वाट ठरलेली आहे, इंटर्नल मेडिसिनची तीन वर्षं, मग पल्मनरी आणि क्रिटिकल केअर मिळून तीन, आणि स्लीपचं वेगळं एक वर्ष. त्यामुळे एकाच डॉक्टरकडे तिन्ही बोर्ड सर्टिफिकेशन असणं इकडे नवलाचं नाही. तरीही माझ्या नवऱ्याच्या स्टडीची तारीख सात आठवड्यांनी मिळाली, आणि क्लिनिकमध्ये डॉक्टर पाच मिनिटं भेटतात. पण मशीनचा रोजचा डेटा त्यांच्याकडे जातो, रात्री किती तास लावलं, हवा किती सुटली. तसा डेटा तिकडचे डॉक्टर बघतात का ते नक्की विचार.

---

भाऊसाहेब_मोहोळ | ११ डिसेंबर, दुपारी १२:१५

खर्चाचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. सोलापूरला सिव्हिल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, तिथे छातीचा विभाग आहे. पुण्यात ससून आहे, औंधचं उरो रुग्णालय आहे. गर्दी असते, सकाळी आठला केसपेपर काढा, पण प्राध्यापक स्वतः बघतात आणि कुणाला मशीन विकायचं नसतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. परत दाखल करायची वेळ आली तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटून काय बसतंय ते आधी विचारा, बिल झाल्यावर नाही.

लोडशेडिंगचं पण बघा. मशीन इन्व्हर्टरवर घ्या.

---

सुजाता_बार्शी | २५ जानेवारी, संध्याकाळी ६:५०

उशीर झाला त्याबद्दल माफ करा, पण सगळं सांगायचंच होतं.

डॉक्टर सोलापुरातच मिळाले. तुम्ही दिलेले प्रश्न मी वहीत लिहिले आणि पाच ठिकाणी फोन केले. दोन ठिकाणी रिसेप्शनला ब्लड गॅस म्हणजे काय ते माहीत नव्हतं, एका ठिकाणी घरचीच टेस्ट. चौथ्या ठिकाणच्या मुलीने "थांबा, सरांना विचारते" म्हणून होल्डवर ठेवलं आणि सर स्वतः फोनवर आले. तरुण आहेत, एमडी रेस्पिरेटरी, नंतर क्रिटिकल केअर केलेलं, झोपेचं प्रशिक्षण वेगळं घेतलेलं. आयसीयू त्याच इमारतीत.

पहिल्या भेटीत पाऊण तास घेतला. कार्डाचं पान न् पान वाचलं. मग बाबांना म्हणाले, "काका, तुमचा पंप कसा घेता ते दाखवा." बाबा तो कॅप्सूलवाला पंप चार वर्षं घेतायत. घेऊन दाखवला, सरांनी पंप उघडून कॅप्सूल बाहेर काढली आणि टेबलावरच्या काळ्या फाइलवर उपडी केली, अर्ध्याहून जास्त पावडर तशीच पडली. चार वर्षं औषध निम्मंसुद्धा पोटात, म्हणजे छातीत, गेलं नाही!! आजवर कुणी दाखवा म्हटलंच नव्हतं. आता स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून दुसरा पंप दिलाय.

स्टडीला तेल न लावता गेलो. एएचआय ५४. झोपेत सॅच्युरेशन ६१ पर्यंत खाली जात होतं. त्याच रात्री पुढच्या अर्ध्या भागात बायपॅपचं प्रेशर ठरवलं. मग मशीन विकत घेतलं, दुकानातून नाही, दोन कंपन्यांची माणसं बोलावून तुलना करून, ७२ हजारांपेक्षा बरंच कमी लागलं. तीन आठवड्यांनी ब्लड गॅस केला, कार्बन डायऑक्साइड ८८ चा ५१ झाला. सर म्हणाले अजून खाली यायला हवा, वजनावर काम करा, फ्लूची आणि न्यूमोनियाची लस पण दिली.

बाबा आता जेवताना झोपत नाहीत. सकाळची डोकेदुखी गेली. पण परवा ते जे बोलले ते मला लिहायचंय. म्हणाले, "नोकरीच्या शेवटच्या तीन-चार वर्षांत नाइट ड्युटीला मी खिडकीतून हात बाहेर काढून बाटलीतलं पाणी डोळ्यावर मारत गाडी चालवायचो, वाटायचं वय झालं." मागे पन्नास माणसं बसलेली असायची. मला ऐकून धडकी भरली. ज्यांच्या घरात ड्रायव्हर आहेत, एसटी, ट्रक, ट्रॅव्हल्स काहीही, ते घोरत असतील आणि दिवसा पेंगत असतील तर प्लीज त्यांना टेस्टला न्या, हात जोडून सांगते.

डॉक्टरांचं नाव उघड लिहीत नाही, ज्यांना हवंय त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

एक अडचण आहे. रात्रपाळी ताई, मिशा बाबांनी स्वतःच बारीक केल्या, तरी पहाटे चार-साडेचारला डाव्या डोळ्याकडे हवा सुटते आणि तोंड कोरडं पडतं.

---

रात्रपाळी | २५ जानेवारी, रात्री ११:३०

वाचून फार बरं वाटलं सुजाता. पट्टे आणखी आवळू नका, आवळल्याने मास्कची मऊ कड चपटी होऊन हवा उलट जास्त सुटते. आधी सगळे ढिले करा, बाबांना पाठीवर झोपवा, मशीन चालू ठेवून मास्क जरा पुढे ओढून परत चेहऱ्यावर बसू द्या आणि मग वरचे दोन पट्टे अगदी थोडे. कुशीवर वळल्यावर उशीने मास्क सरकत असेल तर उशीची कड खाली दाबा. मास्कची सिलिकॉनची कड रोज सकाळी साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, चेहऱ्याचं तेल राहिलं की पहाटे घसरतोच. ह्युमिडिफायर (मशीनमधली हवा दमट करणारा भाग) एक अंकाने वाढवून बघा, पाणी डिस्टिल्डच घाला.

पुढची व्हिजिट कधी आहे? मशीनमधलं डेटाचं कार्ड काढून बरोबर न्या, चार वाजता नक्की काय होतंय ते सरांना त्यात दिसेल.

---

सुजाता_बार्शी | २६ जानेवारी, सकाळी ८:०५

गुरुवारी आहे. कार्ड आत्ताच फाइलला टाचलं असतं पण रात्री परत लागेल ना, म्हणून भिंतीवरच्या '८८ ते ९२' च्या कागदाखाली लिहिलंय, 'गुरुवारी सकाळी कार्ड'. आज रात्री पट्टे ढिले करून बघते आणि सांगते.